अंग खाली सरकलंय? निदान या चुका तरी टाळा

अंग खाली सरकणं म्हणजे गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनीमार्गात खाली उतरणं. पाळी गेल्यानंतर अनेक बायकांना संध्याकाळपर्यंत खाली जडपणा जाणवतो, गोळा उतरल्यासारखं वाटतं, बसताना काहीतरी टोचतं. ‘वयानुसार होतंच’ म्हणून कितीतरी वर्षं अंगावर काढतात. मग एक दिवस मोबाईलवर व्हिडिओ सापडतो आणि सकाळ-संध्याकाळ व्यायाम सुरू होतो. खरी गडबड तिथेच होते.

सगळ्यात जास्त आढळणारी, आणि सगळ्यात चीड आणणारी चूक म्हणजे केगल, म्हणजेच ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, उलटा करणं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचं एक जाळं असतं. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ते खालून आधार देतं. बाळंतपणात ते ताणलं जातं आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झालं की आणखी सैल पडतं. व्यायामात हे स्नायू आत आणि वर खेचायचे असतात. बऱ्याच जणी मात्र श्वास कोंडून, पोट कडक करून खाली जोर देतात. म्हणजे जे खाली येतंय, त्यालाच आणखी ढकलतात.

नेरूळच्या एका काकूंचं उदाहरण घ्या. सिडकोची जुनी इमारत, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. व्हिडिओत पाहून त्यांनी दिवसाला दोनशे केगल सुरू केले. महिन्याभरात जडपणा कमी व्हायचा सोडून वाढला. फिजिओथेरपिस्टने झोपवून ‘आता करून दाखवा’ म्हटल्यावर काकूंनी शौचाला बसल्यासारखा जोर दिला आणि गोळा खाली येताना स्पष्ट दिसला. दोनशेही वेळा त्या हेच करत होत्या! व्यायाम दिवसाला तीसवर आणला, पण नीट करायला शिकवला. जडपणा उतरायला तीन-चार महिने लागले. गर्भाशय पूर्वीच्या जागी गेलं नाही, पण संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहणं जमू लागलं. सुरुवातीच्या टप्प्यात व्यायामाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि ती काही कमी नाही. अंग पूर्ण बाहेर येत असेल तर एकट्या व्यायामाने ते आत जात नाही. तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

नीट करायचं ते असं. उताणं झोपा, गुडघे वाकवा, पोट आणि मांड्या सैल सोडा. वारा आणि लघवी एकाच वेळी अडवतोय असं समजून आतून वर खेचा. हाताचा आरसा धरून पाहा: योनी आणि गुदद्वार यांच्या मधला भाग आत-वर जायला हवा. बाहेर फुगला तर थांबा, तुम्ही जोर देताय. सुरुवातीला तीन सेकंद धरा, हळूहळू सहा ते आठपर्यंत जा. श्वास चालू ठेवा. जितका वेळ धरलं तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा; घाईत सगळ्या जणी हाच भाग गाळतात. आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, बस्स. आधी झोपून, ते पक्कं झालं की बसून, मग उभ्याने. लघवी करता करता धार अडवून सराव करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्यांनी सुरूच करू नये. किमान तीन महिने द्यावे लागतात.

दुसरी मोठी चूक संडासात. रोज कुंथणं म्हणजे रोज वरून दाब. कमोडवर बसताना पायांखाली 15-20 सेंटीमीटर उंचीचा पाट ठेवा. गुडघे कमरेच्या किंचित वर आले पाहिजेत. कोपरं मांड्यांवर टेकवून पुढे झुका, पाठ सरळ ठेवा आणि तोंडाने सावकाश श्वास सोडा. भारतीय संडास असेल तर काम झालं की उठा, रेंगाळू नका. इसबगोल घ्यायचं तर एक-दोन चमचे पूर्ण पेलाभर पाण्यात, लगेच. कमी पाण्यात घेतलं तर ते आतच घट्ट होतं. ठाणे-वाशी लोकलने जायचंय, स्टेशनवरची स्वच्छतागृहं नकोत, म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं हीसुद्धा चूकच. त्याने शौच कडक होतं आणि गडद लघवीने जळजळ वाढते.

ओझं. पाणीकपातीच्या दिवशी काठोकाठ भरलेल्या बादल्या उचलू नका. 20 लिटरचा पाण्याचा जार वीस किलोंहून जड असतो, तो तर सुनेला किंवा वॉचमनला सांगा. उचलायचंच असेल तर वस्तू अंगाजवळ घ्या, गुडघ्यात वाका, आधी खालून खेचून घ्या आणि श्वास सोडत उठा. खोकला-शिंक येतानाही आधी खेचा. नातवाला जमिनीवरून उचलू नका, त्याला सोफ्यावर चढू द्या, मग मांडीवर घ्या.

कपालभाती आणि दोन्ही पाय एकदम वर उचलणारं उत्तानपादासन बंद ठेवा. पोटाचा घट्ट पट्टा नको, तो दाब खालीच ढकलतो. दिवसभर पोट आत खेचून चालणंही नको. पाठीचा नैसर्गिक बाक राहू द्या. ओट्याजवळ एक पाय छोट्या पाटावर ठेवा, थोड्या वेळाने पाय बदला. दुपारी कमरेखाली उशी घेऊन पंधरा-वीस मिनिटं पडा. चालायला सकाळी ठाण्यातल्या मासुंदा तलावाभोवतीचा सपाट रस्ता उत्तम, येऊरचा चढ नको. जुना खोकला असेल तर आधी त्याचा इलाज करा, नाहीतर बाकी मेहनत वाया.

आणि नैसर्गिक उपाय करायचे म्हणून तपासणीच टाळणं, ही चूक महागात पडते. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, लघवी अडखळत होऊ लागली किंवा बोटाने वर ढकलल्याशिवाय होईना, बाहेर आलेल्या भागावर जखम झाली किंवा वास मारणारा स्राव सुरू झाला, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. लघवी पूर्णच बंद झाली तर त्याच दिवशी. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिका रुग्णालय, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे. शस्त्रक्रिया नको असेल तर पेसरीबद्दल विचारा. ती अंगाला आधार देणारी सिलिकॉनची रिंग असते, डॉक्टर ती योनीमार्गात मापाने बसवतात आणि काही महिन्यांनी तपासून स्वच्छ करतात. तिच्यासोबत हे सगळे व्यायाम चालतात.

सकाळी ओपीडीत झोपून तपासलं की बऱ्याचदा काहीच दिसत नाही, कारण रात्रभर आडवं राहून अंग वर सरकलेलं असतं. त्यामुळे ‘संध्याकाळी खाली येतं, उभं करून, खोकायला लावून बघा’ असं लाज न बाळगता सांगा.