समर रिसर्चचा अर्ज : शिफारसपत्र रखडू नये म्हणून

अमेरिकेत जीवशास्त्र शिकणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांचा उन्हाळी इंटर्नशिपचा निबंध वेळेत होतो, पण प्राध्यापकांचं शिफारसपत्र रखडतं. त्यावर हा उपाय.

१. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आरईयू (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम) यादीतून जीवशास्त्राचे कार्यक्रम नोव्हेंबरातच निवडा. बऱ्याच मुदती जानेवारी ते मार्चमध्ये संपतात. लीडरशिप अलायन्स हा विद्यापीठांचा गटही बघा, तिथे एकाच अर्जात एकाहून जास्त विद्यापीठं निवडता येतात.

२. प्राध्यापकांना दहा ईमेल नकोत, एकच तक्ता पाठवा: कार्यक्रम, मुदत, पत्र कुठे अपलोड करायचं. खाली त्यांच्याच लॅबमधल्या तुमच्या कामाच्या दोन-तीन ओळी. उदाहरणार्थ, ‘जेलवर पट्टे पुसट आले, तेव्हा मी नवा बफर करून प्रयोग पुन्हा लावला.’ पत्रात नेमकं हेच उतरतं. नुसतं ‘मेहनती विद्यार्थी’ तर सगळ्यांच्याच पत्रात असतं!

३. मुदतीच्या आठवडाभर आधी एक छोटी आठवण. संकोच नको, त्यांनाही ती हवीच असते.

सांभाळा: आरईयूचा स्टायपेंड अमेरिकेचे नागरिक, ‘यूएस नॅशनल’ (नागरिक नसलेले, पण कायद्याने अमेरिकेचे मानलेले) किंवा ग्रीन कार्डधारक यांनाच मिळतो. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसा असेल तर विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीवर चालणारे कार्यक्रम शोधा.