नाताळच्या भेटवस्तू बांधण्यापूर्वीची तयारी

भेटवस्तू कशात बांधायची हे ठरवताना आमच्या घरी गेली काही वर्षे एकच कसोटी लावली जाते, ती म्हणजे 26 डिसेंबरच्या सकाळी हे वेष्टन कुठे असेल. ते कुणाच्या कपाटात, स्वयंपाकघरात किंवा निदान रद्दीच्या गठ्ठ्यात असणार असेल तर घ्यावे; थेट घंटागाडीत जाणार असेल तर कितीही देखणे असले तरी दुकानातच राहू द्यावे. या कसोटीला उतरायचे तर काम आदल्या रात्रीवर टाकून चालत नाही. ख्रिस्ती घरांत नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ पाळतात आणि त्यातला पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. ठाण्यात चर्चच्या आवारात आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या गॅलरीत चांदण्यांचे कंदील दिसू लागतात तेही याच सुमारास. तयारीचा पहिला दिवस म्हणून तो रविवार धरावा आणि त्या दिवशी बाजारात न जाता घरातली कपाटे उघडावीत.

प्रथम कागद गोळा करावा. जूनमध्ये मुलांच्या वह्यांना कव्हरे घालून उरलेला खाकी कागद बहुतेक घरांत गुंडाळी करून ठेवलेला असतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची जानेवारी ते ऑक्टोबर ही पाने एव्हाना उलटून झालेली असतात आणि पुस्तक किंवा छोटी पेटी बांधण्यास त्यांचा जाड कागद फार उपयोगी पडतो. दिवाळीत आलेल्या कागदी पिशव्या कडेने उसवल्या की प्रत्येकीतून एक सबंध ताव मिळतो. घरपोच आलेल्या सामानाचे पुठ्ठ्याचे खोके फेकू नयेत. जोड हलक्या हाताने सोडवावा, खोका उलटा करून छापील बाजू आत घ्यावी आणि पुन्हा चिकटवावा, म्हणजे बाहेरून कोऱ्या खाकी रंगाची पेटी तयार होते. त्यावरची पत्त्याची चिठ्ठी मात्र आधी काढून फाडून टाकावी, कारण तिच्यावर आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक असतो.

जमवलेला आणि विकत आणलेला प्रत्येक कागद तपासून घेणे ही यादीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, असे मी अनुभवाने म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका दुकानातून हातकागद म्हणून घेतलेले दहा ताव घरी आल्यावर प्लॅस्टिकचा थर दिलेले निघाले आणि ते रद्दीवाल्यानेही घेतले नाहीत. तेव्हापासून मी दुकानातच कागदाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगळून पाहतो. खरा कागद चुरगळलेलाच राहतो, तर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा मूठ उघडताच पुन्हा पसरू लागतो. शंका उरली तर तुकडा फाडून कडेला कागदाचे तंतू दिसतात का ते बघावे, किंवा तो रात्रभर पाण्यात ठेवावा. थर असेल तर तो सकाळी सुटून वेगळा होतो. चांदीसारखा चमकणारा कागद हा पुष्कळदा कागद नसतोच, प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म लेप दिलेला असतो, आणि हे दोन पदार्थ वेगळे करणे कुणाला परवडत नसल्याने त्याचा पुनर्वापर होत नाही. चमकीची गोष्टही तशीच आहे. तिचे कण बहुधा प्लॅस्टिकचे असतात, केराबरोबर आणि पाण्याबरोबर ते नाल्यात जातात, आणि इथले नाले अखेर ठाण्याच्या खाडीला मिळतात. ज्या खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि जिथे हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तिच्यात आपल्या सणाची चमकी जाऊ नये असे मला मनापासून वाटते. मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायच्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदीच आहे, त्यामुळे कुणी तसा खोका देऊ केला तर तो नाकारण्यात संकोच बाळगू नये.

कागदानंतर कापडाकडे वळावे, आणि माझ्या मते खरा वेळ इथेच द्यावा. पोथी रुमालात बांधून ठेवणे आपल्याला नवे नाही, पेशवे दफ्तरातील कागदही रुमालांतच बांधलेले आहेत, आणि ओटीत मिळालेले खण व ब्लाऊजपीस आपल्या प्रत्येकाच्या कपाटात वर्षानुवर्षे घडी न मोडता पडून असतात. त्यातले सुती तुकडे वेगळे काढावेत. टेरिकॉट किंवा कृत्रिम रेशमाची गाठ निसटते आणि चौकोनी वस्तूवर कापड घसरते, म्हणून ते या कामासाठी घेऊ नये. कडांचे धागे सुटू नयेत यासाठी तुकडे डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पिकोला टाकावेत, कारण पुढे लग्नसराईच्या कामामुळे दुकानदार लवकरची तारीख देत नाही. मापाचा हिशेब सोपा आहे: चौरस कापडाचा कर्ण वस्तूच्या सर्वांत लांब बाजूच्या सुमारे तिप्पट असावा. 80 सेंटिमीटर चौरस ब्लाऊजपीसचा कर्ण साधारण 113 सेंटिमीटर भरतो, म्हणजे त्यात 37 सेंटिमीटर लांबीपर्यंतची वस्तू बसते. वस्तू कापडाच्या मधोमध तिरपी ठेवावी, समोरासमोरची दोन टोके तिच्यावर दुमडून घ्यावीत आणि उरलेल्या दोन टोकांची वर दुहेरी गाठ मारावी. चिकटपट्टी, दोरा, कात्री यांपैकी काहीच लागत नाही, आणि उघडणाऱ्यालाही काही फाडावे लागत नाही. खणाची जरीची किनार गाठीच्या टोकांवर येईल अशी घडी घातली तर वेगळ्या सजावटीची गरजही उरत नाही.

खाण्याच्या वस्तूंचा विचार स्वतंत्रपणे करावा. कुलकुल (नाताळात करतात तो तळलेला गोड पदार्थ), करंज्या किंवा केक वर्तमानपत्रात कधीही बांधू नयेत. शाईतील घातक द्रव्ये पदार्थात उतरतात, आणि अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांनी मनाईही केलेली आहे. त्यासाठी झाकणाचा स्टीलचा डबा किंवा काचेची बरणी घ्यावी आणि तीच भेटीचा भाग समजावी. दिवाळीत आपल्याकडून फराळाचा डबा शेजारी जातो आणि नाताळात तोच डबा कुलकुल घेऊन परत येतो, ही रीत आमच्या मजल्यावर अजून टिकून आहे. रिकामा डबा परत पाठवायचा नाही हा आपला जुना संकेत त्यामागे आहे.

बांधायला सुतळी घ्यायची असेल तर ती आठवडाभर आधी आणून एक-दोन दिवस उन्हात टाकावी, कारण नव्या सुतळीला तेलाचा वास असतो आणि तो कापडाला लागतो. जांभळीनाक्याच्या बाजारात किंवा कोणत्याही किराणा दुकानात ती मिळते. फुलवाल्याकडे चौकशी केली तर केळीच्या सोपटाचे धागेही मिळू शकतात. ते ओले असतानाच बांधावेत, सुकल्यावर तुटतात. गाठीत खोवण्यासाठी चक्रीफूल आणि दालचिनीचा तुकडा याहून चांगले मला काही सुचलेले नाही. चक्रीफुलाचा आकार चांदणीचा, वास सणाचा, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही मसाल्याच्या डब्यात जातात. पाने हवी असतील तर इमारतीच्या आवारात गळून पडलेली घेऊन आठ-दहा दिवस जाड पुस्तकात दाबून ठेवावीत. येऊरच्या जंगलातून मात्र पान, फांदी किंवा शेंग काहीही आणू नये, कारण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथून काही तोडून आणण्यास कायद्याने मनाई आहे.

खाकी कागद रंगवण्याचे काम तिसऱ्या रविवारी मुलांकडे सोपवावे. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचा ठसा तयार असतो आणि तो चांदणी म्हणून सहज खपतो. पांढरा पोस्टर कलर खाकीवर उठून दिसतो. तांदळाच्या पिठाची पेस्ट वाळल्यावर झडते, म्हणून ती वापरू नये. चिकटवण्यासाठी एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी घेऊन मंद आचेवर खळ शिजवावी. ती टिकावी म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत, पण ते विषारी असल्याने मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत घालू नये. दोन दिवसांपुरतीच खळ करावी. घाई असेल तर कागदी चिकटपट्टी घ्यावी. बियांचे कागद अलीकडे बरेच महाग विकले जातात, पण ते पेरणारी माणसे मला फारशी भेटलेली नाहीत, त्यामुळे मी त्यांवर खर्च करत नाही.

कागद कापण्याआधी माप घ्यावे, कारण सर्वाधिक कागद अंदाजाने कापण्यात वाया जातो. रुंदी आणि उंचीची बेरीज दुप्पट करून तीन सेंटिमीटर वाढवावेत, आणि लांबीत दोन्ही टोकांना उंचीच्या पाऊणपट कागद धरावा. 25 बाय 18 बाय 6 सेंटिमीटरच्या पेटीला 51 बाय 34 सेंटिमीटर कागद पुरतो. नाजूक वस्तूभोवती थर्माकोलऐवजी चुरगळलेले वर्तमानपत्र भरावे. बांधणी 22 किंवा 23 तारखेला आटोपावी, म्हणजे 24 च्या रात्री मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्यांच्या घरी भेट वेळेवर पोहोचते. नावाची चिठ्ठी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूची करावी आणि कापडाच्या भेटीत तिच्यावर एक ओळ जास्त लिहावी, की हे कापड आता तुमचे आहे, हवे तर पुढच्या भेटीला वापरा. ही ओळ नसेल तर लोक संकोचाने कापड धुऊन परत आणून देतात.

शेवटी, 24 तारखेलाच दाराजवळ दोन पिशव्या टांगून ठेवाव्यात, एक रद्दीच्या कागदासाठी आणि दुसरी पुन्हा वापरायचे कापड, सुतळी व पेट्या यांसाठी. पाहुण्यांसमोर भेटी उघडल्या जात असताना कागद पायाखाली येऊन फाटतो, म्हणून तो लगेच उचलून पिशवीत टाकण्याचे काम घरातील एका मोठ्या मुलाला नेमून द्यावे. 6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की ख्रिस्ती घरांतली सजावट उतरते. त्याच दिवशी दुसरी पिशवी रिकामी करून कापडे धुवावीत, इस्त्री करावीत आणि मोजून ठेवावीत, कारण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण बांधण्यासाठी ती आठवडाभरातच लागणार असतात.