क्रोशा-विणकाम थांबवताय? मग हात चालतायत तोवरच ही कामं उरका

आमच्या कोकणात, गुहागरकडे जुन्या घरात बघा, माजघराच्या कपाटात आजीचे क्रोशाचे रुमाल, तोरणं, अर्धवट स्वेटर सगळं असतं पण ते कसं केलं हे सांगणारं कोणी नसतं. सुई धरवेना झाल्यावर मग काही दाखवताही येत नाही. म्हणून माझं सांगणं एकच, थांबायची तयारी वर्षभर तरी आधी सुरू करा.

त्याआधी खरंच थांबायची गरज आहे का ते बघा हां. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनने दिसायला लागतं, त्यासाठी छंद सोडू नका. रात्री अंगठा आणि बाजूची दोन बोटं बधिर होत असतील तर ती मनगटातली नस दबलेली असू शकते, डॉक्टरला दाखवा, उपाय असतो. आणि ४० नंबरचा दोरा दिसत नसेल तर २० नंबरचा घ्या, नंबर कमी तेवढा दोरा जाड, सुई पण जाड लागते आणि मुठीत धरायला बरी पडते. अंगठ्याच्या मुळाशी सांधाच झिजला असेल आणि डॉक्टरने नको म्हटलं असेल तर मात्र हट्ट करू नका.

पहिलं काम नमुन्यांचं, यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक डिझाइनचा वीतभर तुकडा विणा, जाड कागदावर दोऱ्याने टाचा, पिन लावू नका, आपल्या हवेत गंजते आणि दोऱ्यावर डाग पडतो. बाजूला सुईचा नंबर, दोऱ्याचा नंबर, किती साखळ्या, कुठे खांब (उंच टाका) कुठे मुका खांब (बुटका टाका), सगळं लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा मोबाईलवर व्हिडिओ काढ, पण समोरून नको, तुमच्या खांद्यामागून काढायला लावा, म्हणजे शिकणाऱ्याला हात आपल्याच बाजूने दिसतात. चाकरमानी मे महिन्यात येतात तेव्हाच हे करून घ्या, उजेड चांगला असतो, पावसात लाईट जाते आणि दोरापण सर्द होतो.

अर्धवट कामं एकदा सगळी बाहेर काढा. जे पंधरवड्यात होईल ते पुरं करा, बाकीचं उसवून दोरा गुंडाळा नाहीतर सुई आणि नमुन्याच्या कागदासकट एका पिशवीत घालून शिकणारीला द्या. मोठं नवीन काम अजिबात सुरू करू नका, मोह होतो मला माहितीय.

मग सामान. आधी विचारा आणि मग द्या, सुनेला नको असेल तर तिच्या गळ्यात मारू नका, वाईट वाटतं पण तिचाही नाईलाज असतो. शेजारची एखादी मुलगी, बचत गटातल्या बायका, ज्यांच्या हाताला ओढ आहे त्यांना द्या. लोकर देताना शुद्ध की ॲक्रिलिक ते सांगा, कळत नसेल तर लहानसा धागा चिमट्यात धरून जाळा, केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरली तर खरी लोकर, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. खरी लोकर असेल तर उन्हं देऊन घट्ट डब्यात ठेवायला सांगा, किडे तीच खातात. स्टीलच्या सुया गंजल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा आणि नीट पुसून मगच द्या, गंज राहिला की पांढरा दोरा गेलाच.

आणि दिल्यावर तिने कसंही विणलं तरी हातातून काढून घेऊन दुरुस्त करत बसू नका. विचारलं तरच सांगा, नाहीतर शिकणारी दोन दिवसांत सोडून देते.

दुपारी चार ते दिवेलागण ही वेळ सुरुवातीला फार जड जाते, तिला आधीच काहीतरी नेमून ठेवा. कापसाच्या वाती वळा, त्याला डोळ्यांची गरज लागत नाही, बोटांना नुसत्या स्पर्शाने कळतं. अंगठा दुखला तर थांबायचं, आणि त्या वेळी शिकणाऱ्या मुलीलाच ओटीवर बोलवायचं, ती विणेल, तुम्ही टाके मोजून द्या.