कोल्हापुरात लँडस्केप शिकायला येताय? मग आधी हे बघा

नव्या विद्यार्थ्याची घाई एकच असते: आल्या आल्या रंकाळा तलावावर बसून जलरंग सुरू करायचे. त्याआधी चार-पाच वेळा टाउन हॉल संग्रहालयात जा. तिथं चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. एका फेरीत एकच चित्र घ्या. वहीत पोस्टकार्डाएवढी चौकट आखा आणि पेन्सिलीनं फक्त तीन टोन मांडा: उजेड, मधला आणि गडद. चित्राचा सांगाडा त्यातच कळतो.

आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, १८८८ साली त्यांना व्हाइसरॉय पदक मिळालं. तरीही ते कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांच्या दरबाराशी जोडले गेले आणि कोटितीर्थ तलाव, रंकाळा, पंचगंगा नदी हेच विषय पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी आपली बरीच चित्रं पाण्यात सोडली, असं सांगतात. म्हणून जी उरली आहेत ती डोळे भरून पाहावीत. पुढं बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, रवींद्र मेस्त्री, चंद्रकांत मांडरे अशी चित्रकारांची ओळ लागली. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन या संस्थांमधून हा हात पुढच्या मुलांपर्यंत पोचला. राजारामपुरीतलं मांडरे संग्रहालय चुकवू नका. कोरड्या रंगाची पूड चोळून केलेलं पावडर शेडिंग तिथं बघायला मिळतं. धुक्यातली कड किती मऊ ठेवायची, ते त्याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडं दिसत नाही.

आता स्पॉटवर. शहराच्या बाजूनं रंकाळ्याकडं बघितलं की संध्याकाळी सूर्य पाण्याच्या पलीकडं असतो, म्हणजे सगळं उजेडाच्या विरुद्ध. संध्यामठासारख्या दगडी वास्तूचं काळं रूप आणि झगझगीत पाणी असा हा खेळ आहे. इथं नवशिके ठरलेली चूक करतात: दगडाला थेट ट्यूबमधला काळा लावतात, आणि चित्रात तेवढाच तुकडा भोक पडल्यासारखा दिसतो. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) मिसळा. उन्हाच्या बाजूला सिएना वाढवा, सावलीत निळा. पाण्यातलं प्रतिबिंब दगडाच्या टोनपेक्षा किंचित उजळ ठेवा. गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं फिकं पडतं आणि उजळ वस्तूचं थोडं गडद. एवढं साधलं की पाणी आपोआप सपाट झोपतं. झाडीचा एकसारखा हिरवा ही दुसरी चूक. लांबच्या झाडीत निळा घाला, कड विरघळू द्या.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आकार ११ बाय १५ इंच पुरे. पातळ कागद पहिल्याच मोठ्या वॉशला (पातळ रंगाच्या सपाट थराला) फुगून वर-खाली होतो आणि रंग खळग्यांत साचतो. मोठा गोल ब्रश, एक चपटा आणि एक बारीक. बारीक ब्रश शेवटच्या दहा मिनिटांशिवाय हातात घेऊ नका. बसण्याची मुदत दीड तास. पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा आखून टाका आणि नंतर त्या हलवू नका, कारण सूर्य सरकत राहतो आणि त्याच्या मागं धावलात तर एकाच चित्रात दिवसाच्या दोन वेगळ्या वेळा येतात. एप्रिलमध्ये वॉश बघता बघता सुकतो, कडा कडक होतात, तेव्हा कागद आधी ओला करून घ्या. पावसाळ्यात उलट, थर वाळतच नाही आणि दुसरा रंग खालच्यात पसरतो. पंचगंगेच्या घाटावरची छोटी मंदिरं पुरात पाण्याखाली जातात, त्यांची स्केचेस दिवाळीनंतर करा.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. दहावीनंतर फाउंडेशन (पायाभूत अभ्यासक्रम) आणि मग डिप्लोमाचा मार्ग आहे. बारावीनंतर बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याची कला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नियम दरवर्षी माहितीपुस्तिकेत तपासा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा शाळेतच उरकलेल्या बऱ्या. मुलाखतीला नेलेल्या फाइलमध्ये मात्र फोटोवरून केलेली दहा चित्रं नकोत. एकाच जागेची सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन चित्रं, सोबत त्यांची टोनची स्केचेस ठेवा.