भाडे थकले आणि मालकाने दाराला कुलूप घातले, तर काय करावे?

भुसावळ असो की देवपूर, भांडण साधारण एकाच वळणाने जाते. दोन-तीन महिन्यांचे भाडे राहते, फोनवर बोलाचाली होते आणि एक दिवस भाडेकरू कामावर गेला की दाराला दुसरेच कुलूप दिसते.

थकलेले भाडे मागायचा मालकाला पूर्ण हक्क आहे. घर मात्र कोर्टाच्या हुकुमाशिवाय बळजबरीने रिकामे करून घेता येत नाही. करार संपला असला तरीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कृष्णा राम महाले खटल्यात हे स्पष्ट केले आहे.

आधी कागद काढा. भाडेकरार आहे की ‘लिव्ह अँड लायसन्स’ (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी), ते बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधले ९० दिवसांचे संरक्षण, जे खाली सांगितले आहे, ते भाडेकरूला आहे. लायसन्सची मुदत संपल्यावरही राहत असाल तर मालक याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाऊ शकतो आणि दुप्पट शुल्क मागू शकतो. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी पुरते, हा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि तो चूक आहे. कलम ५५ नुसार नोंदणी सक्तीची असून ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. ते खोडून काढायचे काम मालकाचे.

हा कायदा परिशिष्टात दिलेल्या गावा-शहरांनाच लागू आहे. खेड्यात राहत असाल तर तुमचे गाव त्यात आहे का, हे वकिलाकडून बघून घ्या.

नोटीस आली तर ती घ्या. परत पाठवून काही साधत नाही. कलम १५ प्रमाणे लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय थकबाकीसाठी घर खाली करण्याचा दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी बाकी वार्षिक १५ टक्के सरळव्याजाने कोर्टात भरा, पुढचे भाडे निकालापर्यंत नियमित भरा आणि कोर्ट सांगेल तो खर्च द्या. मग त्या कारणावरून घर खाली करायचा हुकूमनामा होत नाही.

‘मालक त्रास देतो म्हणून भाडेच देत नाही’ हा हट्ट सोडा. त्याने मालकाचाच दावा भक्कम होतो. तो पैसे घेत नसेल तर बँकेतून पाठवा, तेही परत आले तर स्पीड पोस्टाने पत्र टाकून भाडे द्यायला तयार असल्याचे कळवा. रोखीने दिले तर पावती मागाच. ती देणे मालकाला बंधनकारक आहे.

पाणी-वीज तोडली तर (आणि खान्देशात मे महिन्यात याहून मोठी शिक्षा नाही) कलम २९ खाली कोर्टात अर्ज करून पुरवठा पूर्ववत करून घेता येतो.

कुलूप घातलेच तर ते फोडू नका, नाहीतर उलटी तक्रार तुमच्यावर व्हायची. फोटो, व्हिडिओ काढा, शेजाऱ्यांना साक्षीला ठेवा, ११२ ला फोन करा. ठाण्यात लेखी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचे कलम १२६, म्हणजे बेकायदा अटकाव, त्यात लिहा. ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’ असे उत्तर हमखास मिळते. तेव्हा तीच तक्रार टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा.

ताबा परत मिळवायचा खरा रस्ता विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट), १९६३ चे कलम ६. बाहेर काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात दावा लावायचा. घर कोणाच्या मालकीचे, हा प्रश्नच त्यात येत नाही. ताबा तुमचा होता आणि तो कायदा डावलून काढला, एवढे दाखवायचे. तडजोडीच्या बैठकांत महिने घालवू नका, मुदत कोणासाठी थांबत नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नंदुरबार, शहाद्याकडच्या आदिवासी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. फोन १५१००.

मालकांनो, तुमचाही रस्ता हाच आहे: नोटीस, ९० दिवस, मग दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टात दावा. वेळ लागतो खरा, पण हुकूम झाल्यावर ताबा कोर्टाचा माणूस, म्हणजे बेलिफ, घेऊन देतो.