केटामाइनची ‘बनवून घेतलेली’ औषधं : या चुका टाळा

परदेशातला भाऊ व्हिडिओ कॉलवर सांगतो, “इकडं डिप्रेशनवर केटामाइनच्या गोळ्या घरपोच येतात.” मग इकडं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मेडिकलमध्ये चौकशी सुरू होते. केटामाइन हे मुळात भूल द्यायचं औषध. त्याच्या त्या गोळ्या अमेरिकेतल्या फार्मसी एकेका पेशंटसाठी बनवून देतात. तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्यांची सुरक्षितता किंवा परिणाम तपासलेला नाही, उलट ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांच्याबद्दल इशारा दिला. त्यात एका पेशंटची नोंद आहे : घरी तोंडावाटे औषध घेतलं, श्वास मंदावला, आणि रक्तातलं प्रमाण भुलीच्या वेळी असतं त्याच्या जवळपास दुप्पट निघालं. 2019 मध्ये मान्यता मिळालेला एसकेटामाइनचा (केटामाइनचाच एक प्रकार) नाकातला स्प्रे वेगळा. तोही दवाखान्यातच घेतात आणि नंतर किमान 2 तास पेशंटवर लक्ष ठेवतात.

आपल्याकडं केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत आहे. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ते ऑनलाइन तपासणीवर लिहून देताच येत नाही. कुणी देत असेल तर तिथंच थांबा.

सगळ्यात घातक घोळ मिलिग्रॅमचा, आणि तो डॉक्टरांकडूनही होतो. पोटात गेलेल्या केटामाइनपैकी साधारण पाचवा हिस्साच रक्तात पोचतो. शिरेतून दिलेलं सगळंच पोचतं. म्हणजे तोंडावाटे 100 मिलिग्रॅम घेणाऱ्या 50 किलोच्या माणसाला तेवढंच शिरेतून दिलं, तर तो थेट भुलीचा डोस झाला. मार्ग बदलला की डोस नव्यानं ठरवा, जुना आकडा उतरवू नका. चिठ्ठीवर नुसतं ‘2 मिली’ लिहिणं तर कटाक्षानं टाळा. 10 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या व्हायलमधून 20 मिलिग्रॅम जाईल, 50 वाल्या व्हायलमधून 100! मिलिग्रॅम, तीव्रता (एका मिलीत किती मिलिग्रॅम) आणि मार्ग, तिन्ही लिहा.

चघळायच्या गोळीचंही तसंच. आज जिभेखाली धरली, उद्या गिळली, की परिणाम बदलतो. “काहीच जाणवलं नाही” म्हणून लगेच दुसरी घेऊ नका.

बीपी जास्त असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण केटामाइननं ते आणखी चढतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या सोबत नकोत. उपचारानंतर त्या दिवशी गाडी चालवू नका, कागल कितीही जवळ वाटलं तरी.

वारंवार घेणाऱ्यांना लघवीला जळजळ होते, सारखी लागते, कधी रक्त दिसतं. घरात “उन्हाळी लागली” म्हणून धण्याचं पाणी दिलं जातं आणि औषध चालूच राहतं. मूत्राशयाला इजा होत असते ती इथंच. पहिल्याच तक्रारीला डॉक्टरांना गाठा आणि पुढचा डोस त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

माणूस हाकेला ओ देत नसेल किंवा श्वास संथ वाटला, तर तोंडात पाणी घालू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळ असेल त्या रुग्णालयात न्या.