उपकेंद्राच्या रजिस्टरापासून किलिफीपर्यंत : हिवतापाच्या संशोधनात यायचे असेल तर

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली, धानोरा, भामरागडच्या मुलामुलींनी थंडी वाजून येणारा ताप घरातच पाहिलेला असतो, आणि हिवतापाच्या संशोधनात येऊ इच्छिणाऱ्यासाठी हे मोठे भांडवल आहे. 2023 साली जगात या आजाराने सुमारे 5 लाख 97 हजार माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आफ्रिकेतील होती आणि त्यांत पाच वर्षांखालील बालकांचा वाटा सर्वांत मोठा होता. त्यामुळे या विषयातले मोठे काम तिकडे चालते, परंतु त्याची तयारी गडचिरोलीतच सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे.

आरंभ उपकेंद्रातील रजिस्टरापासून करा. समजा, दोन गावांत प्रत्येकी 12 रुग्ण सापडले. पण एका गावात 60 जणांचे रक्त तपासले होते आणि दुसऱ्यात 400 जणांचे, तर पहिल्या गावातील प्रमाण 20 टक्के आणि दुसऱ्यातील 3 टक्के होते. त्यापुढे, तपासणी केवळ तापाच्या रुग्णांची झाली की घरोघर जाऊन सर्वांची, हेही विचारावे लागते. हा छेद, म्हणजे किती जणांच्या तपासणीतून रुग्णांचा आकडा आला ते, ओळखण्याची सवय हीच साथरोगशास्त्राची पहिली पायरी होय. आरोग्य सेवकासोबत फिरा आणि प्रयोगशाळेत रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली वाचायला शिका : 200 पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत 50 परजीवी दिसले, तर दर मायक्रोलिटर रक्तात 8,000 पांढऱ्या पेशी धरून परजीवींची संख्या 2,000 येते.

पदवी वैद्यकाचीच हवी असे नाही. प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र किंवा परिचर्या घेतलेल्यांनाही सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर शिक्षणाची वाट आहे. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र यांची प्रवेशपात्रता नीट वाचून पाहा. सोबत आकडेवारीच्या विश्लेषणासाठी 'आर' ही मोफत संगणकप्रणाली शिका.

आफ्रिकेत केनियातील किलिफी, टांझानियातील इफाकारा आणि मोझांबिकमधील मानिसा येथील केंद्रे अनेक वर्षे या आजारावर काम करीत आहेत. तिथे जाताना स्वतःचा प्रश्न घेऊन जावे. आपल्या शहरांतील पाण्याच्या टाक्यांत वाढणारा 'ॲनोफिलीस स्टीफेन्सी' हा हिवताप पसरवणारा डास 2012 साली जिबूतीत आढळला आणि पुढे इथिओपिया, सुदानपर्यंत पोहोचला. या डासाशी जुना परिचय असलेल्या भारतीय अभ्यासकाला तिथे सांगण्यासारखे बरेच आहे.

भाषेकडे दुर्लक्ष करू नका. भामरागडमध्ये माडियातून विचारले की तापाची खरी हकिगत कळते. तसेच टांझानियात स्वाहिलीचे, मालीत बांबाराचे आणि मोझांबिकच्या कार्यालयांत पोर्तुगीजचे आहे. अर्जात मात्र 'सेवेची आवड' असे मोघम लिहू नका. कोणत्या गावातील, किती महिन्यांच्या नोंदी तपासल्या आणि त्यांत काय चुकलेले आढळले, ते एका तक्त्यासह मांडा.